लोखंड नासत नाही म्हणे!

‘जुना असला म्हणून काय झालं? लोखंड आहे ते. दूध नव्हे नासायला!’

स्पोर्ट्स कारमध्ये जुना रोल बार बसवायचा विषय निघाला, की हे वाक्य ऐकावं लागतंच. नाहूर स्टेशनबाहेर, एलबीएस मार्गालगतच्या गाळ्यांत, सोनापूरच्या सिग्नलजवळ चहा पिताना. बोलणारा बदलतो, वाक्य बदलत नाही. त्या वाक्यामागचा आत्मविश्वास असा असतो, की धातुशास्त्राचा निकाल लागला, आता पुढचा विषय घ्या. ऐकणारेही माना डोलावतात. मग कुणाच्या तरी उघड्या टपाच्या गाडीत सीटच्या मागे एक काळी कमान उभी राहते, फोटो निघतात, आणि रात्री अकरानंतर गोरेगाव–मुलुंड लिंक रोडवर त्या कमानीच्या भरवशावर वळणं घेतली जातात.

या भरवशाचीच मला चीड आहे. गाडीवर पैसे उधळण्याची नाही, वेगाचीही नाही. गाडीचा शौक असणं हा गुन्हा नव्हे. पण रोल बार ही एकच वस्तू अशी, की ती चुकीची बसवली आहे हे कळायला गाडी उलटी व्हावी लागते, आणि कळतं तेव्हा कळून घेणारा उरेलच असं नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. रोल बार म्हणजे सीटच्या पाठीमागे उभी केलेली पोलादी पाइपची कमान. तिला मागे तिरके जाणारे दोन आधार असतात. गाडी उलटली तर तिचं वजन या कमानीने पेलावं, माणसाच्या डोक्याने नव्हे, एवढंच तिचं काम. हीच कमान पुढे वाढवून दारं आणि काचेच्या चौकटीभोवती सांगाडा केला, की त्याला रोल केज म्हणतात. बंद टपाच्या गाडीला निदान छप्पर तरी असतं. गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म किंवा बाहेरून आलेली एखादी सॉफ्ट टॉप असेल, तर वर कापड आणि आकाश. तेव्हा अशा गाडीच्या मालकाला रोल बार हवासा वाटणं शहाणपणाचंच आहे. वेडेपणा सुरू होतो त्यानंतर.

जुन्या बारवाल्यांचं म्हणणं मी त्यांच्यापेक्षाही नीट मांडतो, म्हणजे विपर्यास केला असं कुणी म्हणायला नको. ते म्हणतात: नवा बार, कागदपत्रांसकट, परदेशातून मागवायचा तर बारपेक्षा वाहतूक आणि कस्टम्सच जड. उलट कुर्ल्याच्या भंगारात किंवा रॅलीतून निवृत्त झालेल्या गाडीतून निघालेला बार जवळजवळ किलोच्या भावात मिळतो. पोलाद तेच, आकार साधारण तोच. थोडा कापायचा, थोडा जोडायचा, चार बोल्ट मारायचे, काळा रंग द्यायचा. वर तो बार आधी एकदा कामाला आलेला असेल तर उत्तमच, त्याची परीक्षा झालेली आहे! नियम वगैरे परदेशातल्या शर्यतींचे, आपल्याला काय करायचेत? आरटीओ कुठे वाकून बघतो? आणि सगळ्यात शेवटी हुकमाचा एक्का: काहीच नसण्यापेक्षा काहीतरी असलेलं बरं.

ऐकायला किती समजूतदार! आता एकेक मुद्दा घेऊ.

पहिला मुद्दा, पोलाद ते पोलाद. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या, म्हणजे एफआयएच्या नियमावलीत परिशिष्ट ‘जे’, कलम २५३ आहे. मुख्य कमानीची पाइप कशी हवी ते त्यात लिहिलेलं आहे: बिनजोड, थंड अवस्थेत ओढून काढलेलं कार्बन पोलाद, ताणबळ किमान ३५० मेगापास्कल, बाहेरचा व्यास ४५ मिलिमीटर आणि जाडी अडीच मिलिमीटर, किंवा व्यास ५० आणि जाडी दोन. बिनजोड म्हणजे पत्रा गुंडाळून लांबीला वेल्ड केलेली पाइप नव्हे. आपल्याकडे खिडक्यांच्या जाळ्या, जिन्यांचे कठडे आणि मंडपाचे खांब ज्या पाइपचे होतात ती बहुतेक वेळा हीच वेल्डवाली. बाहेरून रंग दिल्यावर दोन्ही जुळ्या बहिणी.

जाडीचं काय? तुमच्या जुन्या बारची जाडी किती, हा प्रश्न विचारून बघा. ‘चांगली जाड आहे’ हे उत्तर मिळेल. चांगली म्हणजे किती? ४५ मिलिमीटरच्या पाइपची जाडी अडीचऐवजी १.६ असेल, तर वाकण्याला होणारा तिचा विरोध जवळपास एक तृतीयांशाने घटतो. हातात धरून हा फरक कळत नाही. बोटाने टिचकी मारूनही कळत नाही, कुणी कितीही जाणतेपणाने टिचकी मारली तरी. अमेरिकेतल्या क्लब शर्यतींत यासाठी पाइपला बिनमहत्त्वाच्या जागी सुमारे पाच मिलिमीटरचं भोक पाडून ठेवायला सांगतात, म्हणजे तपासनिसाला जाडी मोजता येते. ध्वनिलहरींनी जाडी मोजणारं यंत्रही मिळतं. यातलं काहीच न करता ज्याला पाइप ‘जाड’ वाटते, त्याने निदान त्या वाटण्यावर स्वतःचंच डोकं ठेवावं, शेजारी बसलेल्या मित्राचं नको.

आणि लोखंड नासत नाही? नाहूरमध्ये राहून हे म्हणायचं म्हणजे कमाल आहे. जून ते सप्टेंबर इथे काय काय गंजतं ते आपल्या बाल्कनीच्या ग्रिलला विचारा. बारची पाइप आतून पोकळ असते. टोकं उघडी राहिली, एखादं भोक नीट बुजवलं नाही, की खारी दमट हवा आत शिरते. गंज आतून खातो आणि रंग बाहेरून चमकतो. त्यावर कुणी हौसेने क्रोम चढवलेलं असेल तर आणखीच धन्य. एफआयएच्या नियमांत केजला क्रोम चढवायला चक्क बंदी आहे. क्रोम चढवताना पोलादात हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होऊ शकतं, आणि त्या चकाकीखाली बारीक तडा दिसत नाही. म्हणजे बाजारात जो बार सगळ्यात देखणा दिसतो, त्यावरच सगळ्यात आधी शंका घ्यायला हवी.

दुसरा मुद्दा मला सगळ्यात जास्त आवडतो: हा बार एकदा उलटलेल्या गाडीत होता, मालक वाचला, म्हणजे बार पास झाला. अहो, पास नाही झाला, खर्च झाला! पोलाद धक्का शोषतं ते स्वतः वाकून. जेवढं वाकलं तेवढी त्याची पुढची कमाई संपली. एकदा वाकून परत सरळ केलेली पाइप त्या जागी कडक आणि कमी लवचीक होते. पुढच्या वेळी ती वाकायच्या ऐवजी तडकू शकते. म्हणूनच अपघातात सापडलेल्या प्रमाणित केजची दुरुस्ती फक्त तिच्या निर्मात्याने किंवा त्याच्या संमतीनेच करायची, असा नियम आहे. प्रमाणित केजवर दुसऱ्या कुणी वेल्डिंग केलं किंवा कापकूप केली, की तिचं प्रमाणपत्र गेलं. ‘आमच्या ओळखीचा वेल्डर एक नंबर आहे’ या वाक्याची त्या नियमात सोय नाही.

वाकलेला भाग डोळ्यांनी दिसेलच असंही नाही. नियम म्हणतो, बाक थंड अवस्थेत काढलेला असावा, त्याची त्रिज्या पाइपच्या व्यासाच्या तिप्पट तरी असावी, आणि बाकाजवळ पाइप चपटली असेल तर लहान व्यास मोठ्याच्या ०.९ पटीखाली जाता कामा नये. हे मोजायला व्हर्नियर लागतो. जुना बार विकत घेणाऱ्या किती जणांच्या हातात व्हर्नियर असतो? मोबाइल मात्र प्रत्येकाच्या हातात असतो, फोटो काढायला.

परीक्षेची एवढीच आवड असेल तर खरी परीक्षा कशी असते ते सांगतो. एफआयएच्या प्रमाणीकरणात मुख्य कमानीवर वरून जो भार देतात तो असा: गाडीचं वजन अधिक १५० किलो, आणि या बेरजेची साडेसातपट. ९०० किलोची छोटी स्पोर्ट्स कार धरली तर जवळजवळ आठ टन. एवढ्या भाराखाली कमान तुटता कामा नये आणि ५० मिलिमीटरपेक्षा जास्त दबता कामा नये. तुमचा भंगारातला बार कुठल्या परीक्षेला बसला होता म्हणालात?

आणि परीक्षेला बसलेल्यांचं काय होतं तेही ऐका. फॉर्म्युला वनमध्ये १९६१ पासून चालकाच्या मागची कमान सक्तीची आहे. त्यानंतर साठ वर्षं तिच्यावर जगातले सर्वोत्तम अभियंते काम करत आले. तरी ३ जुलै २०२२ रोजी सिल्व्हरस्टोनला शर्यत सुरू होताच झोउ ग्वानयूची अल्फा रोमिओ उलटली आणि सगळ्या चाचण्या पार केलेली तिची कमान तुटली. गाडी उलटी घसरत टायरच्या भिंतीपलीकडे जाळीत जाऊन आदळली. चालक वाचला तो डोक्याभोवतीच्या ‘हेलो’ या दुसऱ्या कवचामुळे. त्यानंतर कमानीचे नियम आणखी कडक झाले. जिथे कोट्यवधींचा खर्च, प्रयोगशाळा आणि नवं कोरं सामान आहे, तिथे ही गत. आणि आपण कुणी तरी कापून आणलेल्या, जाडी न मोजलेल्या पाइपवर हात फिरवून म्हणणार, ‘हिला काय होतंय!’

तिसरा मुद्दा, थोडा कापला, थोडा जोडला. जुना बार बाजारात येतो कसा ते बघा. फार थोडे लोक तो बोल्ट खोलून, प्लेटांसकट सबंध काढतात. बहुतेक वेळा गाडी भंगारात जाते आणि पाय गॅस कटरने उडवले जातात. पाय उडवले की बार आखूड झाला. दुसऱ्या गाडीत बसवताना मग खाली तुकडा जोडतात, किंवा जोडतच नाहीत. कारण आखूड बार सॉफ्ट टॉपखाली छान मावतो! मालक खूश, टप नीट बंद होतो. फक्त आत बसलेल्या माणसाचं डोकं बारच्या वर राहतं. म्हणजे गाडी उलटली की आधी जमिनीला कोण लागणार? शाळकरी पोरगंही सांगेल.

यासाठी एक साधी परीक्षा आहे, तिला एक रुपया लागत नाही. चालकाने हेल्मेट घालून सीटवर नेहमीसारखं बसायचं. कमानीच्या माथ्यापासून पुढच्या काचेच्या चौकटीवर एक सरळ काठी टेकवायची. हेल्मेट त्या काठीच्या खाली राहिलं पाहिजे, आणि कमानीचा माथा हेल्मेटहून किमान पाच सेंटीमीटर वर. घरच्या झाडूची काठी चालते. माझं आव्हान आहे, मुलुंड-भांडुप पट्ट्यात जुना बार बसवून मिरवणाऱ्यांनी ही काठी टेकवून बघावी. काठी डोक्याला अडली तर समजा, तुम्ही रोल बार नाही, टॉवेल वाळत घालायची दांडी बसवली आहे.

जोड कुठे आहे, कसा आहे, हा पुढचा प्रश्न. नाहूरहून लोकल पकडली की दुसरं स्टेशन कांजुरमार्ग, तिथून आयआयटी जवळ. पाचवं विद्याविहार, तिथे सोमैया कॉलेज. दोन्हीकडची पोरं फॉर्म्युला स्टुडंटसाठी स्वतः गाड्या बांधतात. त्या स्पर्धेचा नियम सांगतो, की मुख्य कमान एकाच अखंड, न कापलेल्या पाइपची असली पाहिजे. जोड नाही म्हणजे नाही. बाहा एसएईइंडिया या दुसऱ्या स्पर्धेत तर वेल्डिंगचे नमुने तयार करून दाखवावे लागतात. एक नमुना तोडून बघतात, की जोड आधी सुटतो की पाइप आधी फाटते. दुसरा उभा कापून बघतात, की वेल्ड आतपर्यंत उतरला आहे की नुसता वर बसला आहे. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलांना हे सिद्ध करावं लागतं, तेही बेताच्या वेगाने धावणाऱ्या गाडीसाठी. आणि आमचा चाळिशीतला मालक, ज्याची गाडी त्याहून दुप्पट धावते, तो वेल्ड कसा तपासतो? वरून ग्राइंडर फिरवलाय, पुट्टी लावून गुळगुळीत केलाय, हात लावला तरी कळत नाही जोड कुठे आहे! बरोबर. कळत नाही हीच तर तक्रार आहे. उघडा वेल्ड निदान स्वतःची लायकी सांगतो; घासलेला वेल्ड आधी पातळ होतो आणि मग गप्प बसतो.

चौथा मुद्दा, चार बोल्ट. इथे तर सगळा कारभार उघडा पडतो. बार कितीही मजबूत असो, तो उभा आहे कशावर? आजच्या गाडीचा फ्लोअर म्हणजे एक मिलिमीटरच्याही आतला पत्रा. त्याला भोक पाडून, खाली नेहमीचा गोल वॉशर लावून बोल्ट आवळला, तर गाडी उलटल्यावर बार वाकणार नाही. तो फ्लोअर फाडून सरळ खाली जाईल, आणि बार शाबूत राहिला म्हणून पुढच्या गिऱ्हाइकाला विकलाही जाईल. नियम सांगतो: प्रत्येक मुख्य पायाला किमान तीन बोल्ट, एम ८ किंवा मोठे, ८.८ दर्जाचे, पायाखाली किमान तीन मिलिमीटर जाडीची आणि १२० चौरस सेंटीमीटरची पोलादी प्लेट, तीही बॉडीला वेल्ड केलेली. १२० चौरस सेंटीमीटर म्हणजे साधारण ११ बाय ११ सेंटीमीटरची चौकोनी पट्टी. ही पट्टी कापून घ्यायला किती खर्च येतो? बारच्या रंगापेक्षा कमी. तरी ती बसवत नाहीत. कारण ती फोटोत येत नाही.

बोल्टच्या डोक्यावर दर्जाचा आकडा ठोकलेला असतो. वाचायचा. हार्डवेअरच्या दुकानातल्या डब्यातून मूठभर काढलेल्या साध्या बोल्टच्या डोक्यावर ८.८ नसतो. मागच्या तिरक्या आधारांनाही नियम आहे: ते सरळ हवेत, बाक नको, आणि उभ्या रेषेशी किमान ३० अंशांचा कोन हवा. दुसऱ्या गाडीचा बार आणला की हे आधार हमखास चुकीच्या जागी येतात. पेट्रोलच्या टाकीवर, चाकाच्या कमानीच्या नाजूक पत्र्यावर, कुठेही. मग ते वाकवून जागा काढली जाते. वाकवलेला आधार भार पडल्यावर आधी स्वतः वाकतो. फायबर बॉडीच्या गाडीचं तर बोलायलाच नको. फायबरला बोल्ट मारलेला बार म्हणजे शोकेसमधली वस्तू; त्याचे पाय आतल्या पोलादी सांगाड्याला पोचलेच पाहिजेत. सॅन स्टॉर्मवाल्यांनी ही ओळ दोनदा वाचावी.

आता तो हुकमाचा एक्का. काहीच नसण्यापेक्षा काहीतरी असलेलं बरं. हे वाक्य छत्रीबद्दल खरं असेल, रोल बारबद्दल साफ खोटं आहे. बार म्हणजे डोक्यामागे एक वीतभर अंतरावर उभा केलेला पोलादी दांडा. ट्रॅकवर चालकाच्या डोक्यावर हेल्मेट असतं, तो घट्ट सीटमध्ये पट्ट्यांनी बांधलेला असतो. नाहूरच्या रस्त्यावर तुम्ही हेल्मेट घालून स्पोर्ट्स कार चालवता का? नाही. मग पूर्व द्रुतगती मार्गावर मागून ट्रकने ठोकलं, सीट मागे गेली, की उघडं डोकं कशावर आदळणार? गाडी उलटायचा प्रसंग आयुष्यात येईल न येईल. मागून ठोकर मुंबईत केव्हाही मिळते. नसलेल्या संकटापासून वाचायला रोजचं संकट घरात आणून ठेवायचं, याला ‘काहीतरी बरं’ म्हणतात?

‘फोम लावलाय ना!’ कुठला फोम? स्प्लिट एसीच्या तांब्याच्या पाइपवर चढवतात तो काळा, मऊ, बोटाने दाबला की तळाला टेकणारा. पट्टीने बांधला की झाला रेसिंग लुक. हेल्मेट जिथे लागू शकतं तिथे एफआयए ज्या पॅडिंगचा आग्रह धरते ते कडक, ज्वालारोधक आणि प्रमाणित असतं, आणि ते हेल्मेट गृहीत धरून बनवलेलं असतं. उघड्या कवटीसाठी ते मऊ नसतंच. एसीचा फोम एसीला ठीक. तो गारवा राखतो, कवटी नाही.

याच ओघात चार किंवा सहा पट्ट्यांचा हार्नेस जुन्या बारला बांधण्याची दुसरी हौस येते. खांद्यावरचे पट्टे मागे किती उतरते असावेत याला मर्यादा आहे. आडव्या रेषेशी ४५ अंशांपेक्षा जास्त नकोतच, दहाच्या आसपास उत्तम. बार आखूड, पट्टे खाली ओढलेले, की समोरून धडक बसल्यावर ते खांदे खाली दाबतात आणि सगळा मार पाठीच्या कण्यावर येतो. शिवाय हार्नेस माणसाला ताठ बसवून ठेवतो. वरची कमान दबली तर त्याला कुठेही झुकायला वाव राहत नाही. म्हणजे एक अर्धवट वस्तू दुसऱ्या अर्धवट वस्तूच्या भरवशावर, आणि दोघींच्या मध्ये माणूस.

नियम परदेशी आहेत, असं म्हणणाऱ्यांना काय म्हणावं? भारतातला मोटारस्पोर्ट चालवणारा एफएमएससीआय हा एफआयएशी जोडलेला आहे. राष्ट्रीय रॅली नाशिकला झाली, तेव्हा तिथे तपासणीत गाडी याच कसोट्यांवर बघितली गेली. नाशिकच्या वाटांवर उलटणारी गाडी युरोपात उलटणाऱ्या गाडीपेक्षा हळू पडते, असा शोध अजून कुणी लावलेला नाही. मुंबईच्या नझीर हुसेन यांनी १९८० मध्ये हिमालयन रॅलीसारखी आंतरराष्ट्रीय रॅली उभी केली, पुढे ते जागतिक पातळीवर शर्यतींचे पंच म्हणून वावरले. या शहराला हे नियम काल-परवा कळलेले नाहीत. ते पाळायचा कंटाळा मात्र ताजा आहे.

आणि कायदा? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेपासून फारकत घेणारा फेरफार मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठणकावून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ प्रमाणे अशा फेरफाराला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. पुढे लावायच्या बुल बारविरुद्ध तर डिसेंबर २०१७ मध्येच केंद्राने राज्यांना कारवाई करायला सांगितलं होतं. ‘एमएच ०३’च्या पाटीला यातून सूट नाही. ‘कोण बघतं?’ हा युक्तिवाद रस्त्यावरच्या हवालदारापुरता ठीक आहे. अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर मात्र नक्की बघतो, आणि न कळवलेला फेरफार सापडला की क्लेम अडायला त्याला निमित्त पुरतं. तेव्हा पैसे वाचवण्यासाठी घेतलेला जुना बार किती स्वस्त पडला, त्याचा हिशेब त्या दिवशी मांडा.

मग जुना बार कधीच घेऊ नये का? घ्यावा, पण अटी ऐकून पळून जाऊ नका. त्याच मॉडेलच्या गाडीतून, बोल्ट खोलून, पाय आणि प्लेटांसकट सबंध निघालेला. निर्मात्याचा शिक्का आणि कागद असलेला. कधीही उलटलेल्या किंवा ठोकलेल्या गाडीत नसलेला. क्रोम नाही, नवा वेल्ड नाही, पुट्टी नाही. जाडी मोजलेली, बाक मोजलेले. बोल्ट सगळे नवे. आणि गाडी फक्त ट्रॅकसाठी, ट्रेलरवरून जाणारी, आत बसणारा हेल्मेटमध्ये. या सगळ्यातून जुना बार पार पडला तर खुशाल बसवा, मी स्वतः टाळ्या वाजवीन. पण एवढं सगळं असलेला बार किलोच्या भावात मिळत नाही, आणि किलोच्या भावात मिळतो त्यात यातलं काही नसतं. स्वस्ताईचा सगळा मुद्दाच इथे निकालात निघतो.

एक वर्ग उरतो: ‘आम्हाला माहितीय हो, आम्ही नुसता दिसायला लावलाय.’ यांच्याशी माझं भांडण सगळ्यात मोठं. दिसायलाच हवा असेल तर गाडीला पट्टे ओढा, चाकं बदला, हॉर्न बदला. जीव वाचवण्याच्या वस्तूचं सोंग आणू नका. कारण शेजारच्या सीटवर बसणाऱ्याला ते सोंग आहे हे ठाऊक नसतं. तुमचा धाकटा भाऊ, पुतण्या, कॉलेजातली मैत्रीण त्या कमानीकडे बघून सीटवर निवांत टेकते, आणि तुम्हीही त्याच कमानीकडे बघून अॅक्सिलरेटर थोडा जास्त दाबता. बनावट औषध विकणाऱ्याला आपण शिव्या घालतो. बनावट सुरक्षितता बसवणाऱ्याला आपण ‘गाडी काय सजवलीय!’ म्हणतो. फरक काय, हे मला कुणीतरी समजावून सांगावं.

लोखंड नासत नाही, हे या वादातलं सगळ्यात लोकप्रिय आणि सगळ्यात खोटं वाक्य आहे. लोखंड वाकतं, थकतं, आतून गंजतं, चुकीच्या आचेने कमकुवत होतं, आणि हे सगळं रंगाखाली लपवतं. म्हणून ज्यांच्या गाडीत आज जुना बार आहे त्यांनी या रविवारी चार गोष्टी कराव्यात: काठी टेकवून बघावी, फ्लोअरखाली वाकून प्लेट आहे का बघावं, बोल्टच्या डोक्यावरचा आकडा वाचावा, आणि जोडावरची पुट्टी खरवडून खालचा वेल्ड बघावा. चारपैकी एकही गोष्ट चुकली, तर बार खोला आणि ज्या भावाने आणला त्याच भावाने भंगारात द्या. त्याची तेवढीच किंमत होती.